तळे भरल्यावर

प्रस्तावना

इ.स. १७०० च्या पावसाळ्यात औरंगजेबाची छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला होती. हे गाव आज सांगोला तालुक्यात, मंगळवेढ्याच्या शेजारच्या मुलखात येते. त्याआधी चारेक वर्षे बादशहाचा तळ आपल्याच तालुक्यात, भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला पडलेला होता, तेव्हा इथले ऊन आणि इथला पाऊस त्याच्या माणसांनी पाहिलेला होता. तरीही कोरडी दिसते म्हणून माणेच्या पात्रात आणि पात्रालगत तंबू ठोकले गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि ते सगळे पाणी एकदम खाली उतरले. माणसे, जनावरे, सामान वाहून गेले. त्या धावपळीत बादशहा पडला, गुडघा निखळला आणि पुढे मरेपर्यंत तो लंगडत चालला. पूर्वज तैमूरही लंगडाच होता, असे सांगून दरबाऱ्यांनी म्हणे त्याची समजूत घातली.

शेततळ्यावरच्या पुस्तिकेची सुरुवात या प्रसंगाने करण्याचे कारण साधे आहे. कोरड्या मुलखातला माणूस पाण्याच्या बाबतीत नेहमी कमी पडण्याचाच विचार करतो. मंगळवेढ्याची ओळखच मुळी दुष्काळाशी बांधलेली आहे. बहामनी अमलात, पंधराव्या शतकात, दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही इथली सर्वांत मोठी आठवण. ज्यांच्या गावाचे दैवतच दुष्काळातून उभे राहिले, त्यांना 'जास्तीच्या पाण्याचे काय करणार?' असे विचारले तर ते हसतात. आधी येऊ तर द्या, मग बघू, हे उत्तर ठरलेले.

पण पाणी येते तेव्हा बघायला वेळ नसतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी पाचशे ते साडेपाचशे मिलीमीटर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. जून-जुलै नुसते ढग बघण्यात जातात, ऑगस्टमध्ये उघडीप असते आणि निम्मा-शिम्मा पाऊस परतीच्या वाटेवर थोड्या दिवसांत कोसळतो. सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. १४ ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी अजून कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. म्हणजे तळे काठोकाठ भरून शेतकरी निवांत होतो, आणि नेमका तेव्हाच मोठा पाऊस येतो. रिकामे तळे फुटत नाही. जे तळे फुटते, ज्याचा भराव खचतो, ते भरलेल्या अवस्थेतच. ही पुस्तिका त्या अवस्थेची आहे. पाणी कसे आणावे यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. पातळी कुठे थांबवायची, वरचे पाणी कोणत्या वाटेने काढून द्यायचे आणि ते पुढे कोणाच्या रानात जाणार, एवढेच प्रश्न इथे घेतले आहेत.

तालुक्याचे दोन भाग डोळ्यासमोर ठेवावेत. गावाभोवतीचे आणि भीमेकडचे रान काळेभोर, खोल. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकते, तिला वरून पाणी लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले ते या रानामुळे. दक्षिणेकडची गावे मात्र उंचावर, हलक्या जमिनीची. उपसा सिंचनाच्या पाण्यासाठी त्या गावांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. तिथे डाळिंब, द्राक्ष जगवायचे तर शेततळ्याशिवाय गत्यंतर नव्हते. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि पोकलेनची धडधड गावोगाव ऐकू येऊ लागली. या दोन प्रकारच्या जमिनीत तळ्याचे दुखणेही वेगवेगळे असते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा भराव उन्हाळ्यात फाटतो आणि पहिल्या पाण्यात त्या भेगांतून धार लागते. हलक्या रानात मुरूम चांगला मिळतो, भराव घट्ट बसतो, पण तळ पाणी धरत नाही म्हणून प्लास्टिकचा कागद घालावाच लागतो.

तळ्यांचेही दोन प्रकार ओळखून घ्यावेत, कारण दोघांचे सांडणे वेगळे. पहिले अपधावेचे तळे: उतारावरून वाहत आलेले पावसाचे पाणी यात शिरते. दुसरे साठवण तळे: यात विहिरीचे, बोअरचे किंवा कालव्याचे पाणी मोटरीने भरून ठेवतात, आत कागद असतो आणि चारी बाजूंचा भराव जमिनीच्या वर उचललेला असतो. पहिल्यात पाणी किती येणार हे आभाळ ठरवते, दुसऱ्यात मोटर. पहिल्याला रुंद सांडवा लागतो, दुसऱ्याला मोटर बंद करणारी यंत्रणा आणि तिच्यावर विसंबून न राहणारी एक खाच. शेजाऱ्याने केले म्हणून त्याच मापाने आपले करायचे, हा प्रकार नुकसानीचे मोठे कारण ठरतो, कारण बहुतेक वेळा शेजाऱ्याचे तळे दुसऱ्या जातीचे असते.

आता थोडे आकडे. २०१६ च्या योजनेतले मोठे तळे ३० × ३० × ३ मीटरचे. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळाशी २४ × २४ मीटर जागा उरते आणि साठा होतो २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. या तळ्यावर १०० मिलीमीटर पाऊस सरळ पडला तर पाणी दहा सेंटीमीटर चढते, ९० हजार लिटर. हे फारसे नाही. पण तेच तळे अपधावेचे असेल आणि त्याच्या वर पाच हेक्टर उताराचे रान असेल तर हिशेब बदलतो. तासाला ६० मिलीमीटर या जोराने पाऊस झाला, त्यातले ४० टक्के वाहून आले, तर सेकंदाला सुमारे ३३३ लिटर पाणी तळ्यात शिरते. एका तासात १२ लाख लिटर. रिकामे तळे तासाभरात निम्म्याच्या वर भरते. भरलेल्या तळ्यातून तेवढेच पाणी तासाभरात बाहेर पडायला हवे.

आणि बाहेर पडायची सोय काय असते? भरावातून घातलेला चार इंची पाईप. त्याच्या मध्यावर दहा सेंटीमीटर पाणी चढले तरी त्यातून सेकंदाला सात-आठ लिटरच जातात. ३३३ लिटरसाठी असे चाळीसहून जास्त पाईप लागतील. उलट सव्वादोन मीटर रुंदीचा उघडा सांडवा, त्यावरून वीस सेंटीमीटर जाडीचे पाणी वाहू दिले, की एवढा लोंढा आरामात निघून जातो. पाईपात पाला अडकतो, बाभळीची फांदी आडवी बसते, आत घूस मरून पडते. उघड्या सांडव्यावरून हे सगळे वाहून जाते. पुस्तिकेत पाणलोटाच्या क्षेत्रानुसार सांडव्याच्या रुंदीचा तक्ता दिला आहे; पण तक्ता न बघताही एवढे लक्षात ठेवावे की अपधावेच्या तळ्याला पाईप हा सांडवा नव्हे.

इथे शेतकऱ्याची खरी हरकत पुढे येते, आणि ती रास्त आहे. सांडव्याची पातळी भरावाच्या माथ्यापासून पन्नास सेंटीमीटर खाली ठेवा असे सांगितले की तो विचारतो, 'वरचे अर्धा मीटर पाणी सोडून द्यायचे?' तळे वर रुंद असते, त्यामुळे वरचा अर्धा मीटर म्हणजे सव्वाचार लाख लिटरच्या वर. एकूण साठ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. डाळिंबाच्या बागेला मे महिन्यात एवढे पाणी म्हणजे काय, हे ज्याची बाग आहे त्याला सांगायला नको. म्हणून मग सांडव्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचली जातात, फरशी आडवी लावली जाते, कुठे कुठे चक्क सिमेंटने तोंड बुजवले जाते.

या हरकतीला उत्तर खोदाईच्या दिवशीच द्यायचे असते. पाणी तीन मीटर हवे असेल तर भरावाचा माथा त्या पाण्याच्या वर अर्धा मीटर न्यावा. खोदलेली माती तिथेच पडलेली असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. वीस सेंटीमीटर वाहत्या पाण्याचे, तीस सेंटीमीटर लाटांचे आणि खचण्याचे. पोकलेनने नुसती ओतलेली माती एक-दोन पावसाळ्यांत बसते, आणि चारी बाजूंनी सारखी बसत नाही. गवंडी घराच्या कामाला वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी, एक टोक सांडव्याच्या उंबऱ्यावर धरावे आणि दुसरे घेऊन भरावाच्या माथ्यावरून पाच-पाच मीटरवर फिरावे. डोळ्याला सपाट दिसणारा माथा एखाद्या कोपऱ्यात हाताची वीत खाली गेलेला सापडतो. बहुतेक वेळा तो कोपरा ट्रॅक्टर चढवण्याच्या वाटेचा किंवा मोटरीचा पाईप पुरलेल्या चरावरचा असतो. पाणी तिथूनच जाणार. आपण बांधलेला सांडवा एकीकडे आणि पाण्याने निवडलेला दुसरीकडे, अशी गत होते. मातीच्या भरावावरून पाणी पलीकडे वाहू लागले की ते बाहेरच्या उताराचा पायथा आधी खाते, मग खालून वर माती ढासळत येते आणि बोटभर जाडीच्या धारेचे खिंडार व्हायला फार वेळ लागत नाही.

महाराष्ट्राने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. पानशेतचे काम पुरे झालेले नव्हते, आणि पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरत आला. भरावाखालून जाणाऱ्या पाण्याच्या मोरीचे बांधकाम कच्चे होते. तिच्यावरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण माथा खाली जात राहिला, आणि एकदा पाणी त्यावरून गेले तेव्हा मातीचे धरण उरले नाही. बावीस लाख लिटरच्या तळ्याची तुलना धरणाशी होत नाही हे खरे. पण भरावातून पाईप नेणे आणि माथा खचणे ही दोन्ही दुखणी आपल्या तळ्यातही तशीच्या तशी असतात. पाईपाभोवतीची माती नीट कुटलेली नसेल तर पाणी पाईपातून न जाता पाईपाच्या बाहेरून, मातीला घेऊन जाते.

त्याच खडकवासल्याने दुसरा धडाही दिलेला आहे, आणि तो जास्त आशेचा आहे. पुण्यात कार्यकारी अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पाहिले की दर पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून कित्येक फूट जाडीने वाहून जाते. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च आणि धोका दोन्ही. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी लोखंडी दारे बसवली. १९०३ पासून ती काम करू लागली. पाणी ठरलेल्या रेषेच्या वर गेले की तेच पाणी बाजूच्या विहिरीत शिरून दारे उघडायचे, पातळी उतरली की दारे मिटायची. भिंतीला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. शेततळ्यावर कोणी अशी दारे बसवणार नाही. पण यातला विचार घेण्यासारखा आहे. सांडव्याचे तोंड बुजवूनही पाणी वाढते आणि विश्वेश्वरय्यांनीही पाणीच वाढवले. फरक इतकाच की त्यांनी वाढवलेल्या पाण्याला पूर आल्यावर माणसाची वाट न बघता वाट मोकळी होईल, अशी सोय आधी केली. पोती रचणाऱ्याला रात्री दोन वाजता पावसात जाऊन ती काढावी लागतात, आणि तो जात नाही.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर साठवण तळ्याकडे वळू. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आठ-आठ तास. म्हणून स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. सेकंदाला आठ लिटर पाणी देणारी मोटर आठ तासांत दोन लाख तीस हजार लिटर ओतते, म्हणजे भरत आलेल्या तळ्यात पाव मीटरच्या वर. संध्याकाळी तळे वीतभर रिकामे दिसले आणि ऑटो चालू ठेवून माणूस झोपला, की पहाटेपर्यंत पाणी माथ्यावरून गेलेले असते. कागदाच्या तळ्यात याचे नुकसान दुहेरी होते. कागदाची कड भरावाच्या माथ्यावर चर काढून पुरलेली असते. पाणी त्या चरापर्यंत चढले की कागदाच्या पाठीमागे उतरते, मातीची बाजू भिजून घसरते, आणि पुढे पाणी खाली गेले की पाठीमागचे पाणी कागदाला आत ढकलून त्याचे पोट काढते. शिवण तिथेच सुटते.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करावेत. पहिला, पातळीला आल्यावर मोटर बंद करणारा फ्लोट स्विच किंवा लेव्हल सेन्सर. तो स्वस्त आहे, पण त्याची वायर उंदीर कुरतडतात, फ्लोट शेवाळात अडकतो. म्हणून दुसरा: माथ्यावर तीस सेंटीमीटर खोल, मीटरभर रुंद अशी उघडी खाच, आणि तोच कागद सलग त्या खाचेतून बाहेरच्या उतारावरून खाली जमिनीपर्यंत नेलेला. कागदाला भोक पाडून पाईप काढण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण भोकाची जागा पहिल्यांदा गळते. खाच भरावाच्या सर्वांत घट्ट बाजूला ठेवावी आणि तिचे पाणी जिथे पडते तिथे दगड मांडावेत.

पाणी किती चढले याइतकेच ते किती उतरले हेही बघावे लागते, आणि त्यासाठी तळ्यात एक पट्टी उभी करण्यापलीकडे खर्च नाही. लोखंडी नळीवर सेंटीमीटरच्या खुणा रंगवून ती तळाशी पक्की करायची. कडक उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास उडून जाते. मोठ्या तळ्यात हे रोजचे नऊ हजार लिटर. फेब्रुवारी ते मे सरासरी आठ मिलीमीटर धरले तरी चार महिन्यांत जवळपास मीटरभर पाणी सूर्यालाच जाते. त्यापेक्षा जास्त उतरत असेल तर गळती. दोन्ही वेगळे काढायची सोपी रीत अशी: एक पसरट घमेले पाण्याने भरून तळ्याच्या कडेला पाण्यातच, पण काठ वर राहील असे ठेवावे, म्हणजे दोन्हीकडे ऊन आणि पाण्याची उष्णता सारखी राहते. मोटर आणि ठिबक बंद ठेवून चोवीस तासांनी दोन्हींची पातळी बघावी. घमेल्यात एक सेंटीमीटर उतरले आणि तळ्यात दोन, तर वरचा एक सेंटीमीटर कागदातून जातो आहे.

पोहण्याच्या तलावाची गळती शोधणारे हीच रीत वापरतात, आणि आता कृषी पर्यटनाच्या निमित्ताने तसे छोटे तलाव आपल्याकडेही दिसू लागले आहेत. त्यांच्यासाठी पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे सांडण्याचे काम आणखी एक असते: पाण्याच्या पृष्ठभागावर तेल, धूळ, पाने तरंगतात ती वरच्या वरच काढून घेणे. साध्या तलावात भिंतीला चौकोनी तोंड ठेवून त्यातून पाणी गाळणीकडे ओढतात; पातळी त्या तोंडाच्या मध्यावर हवी. खाली गेली तर पंप हवा ओढतो, वर गेली तर घाण तोंडात न शिरता तरंगत राहते. दुसऱ्या प्रकारात चारी काठांवरून पाणी सतत नालीत उतरते आणि शेजारच्या हौदात जमून परत येते. दहा बाय पाच मीटरच्या तलावात दहा माणसे उतरली की साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी बाजूला सरते, पातळी सव्वा सेंटीमीटर चढते; ते पाणी त्या हौदात मावले पाहिजे, नाहीतर माणसे बाहेर आल्यावर तलाव तेवढाच उणा पडतो. काळ्या रानात मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ऐन पावसाळ्यात असा तलाव पूर्ण रिकामा करू नये. भोवतीचे भिजलेले रान बाहेरून दाबते, आतला भार नसतो, आणि तळाची फरशी उचलली जाते.

पण आपल्या भागातल्या पोरांचा खरा पोहण्याचा तलाव म्हणजे शेततळेच, आणि तिथे पातळीचा प्रश्न जिवाचा होतो. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. कागदाच्या तळ्याला एकास एकचा बुळबुळीत उतार आणि शेवाळ. पाणी काठापासून मीटरभर खाली गेलेले असेल तर पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. उन्हाळ्यात अशा तळ्यांत माणसे दगावतात ती बहुधा पाणी खोल म्हणून नव्हे, बाहेर यायला धरायला काही नाही म्हणून. चारी बाजूंनी तळापर्यंत सोडलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर, दोन हवा भरलेल्या ट्यूब आणि कुंपण, एवढे नसेल तर तळे पुरे झाले असे समजू नये. सांडव्याच्या प्रकरणाआधी हे प्रकरण वाचले तरी चालेल.

पाणी आपल्या तळ्याबाहेर पडले म्हणजे आपला प्रश्न सुटला, पण शेजाऱ्याचा सुरू झाला. बांधावरून भांडणे होतात त्यांत सांडलेल्या पाण्याचे भांडण सर्वांत चिवट, कारण ते दर पावसाळ्यात नव्याने पेटते. सांडवा ओढ्याला, नाल्याला किंवा सामाईक चारीला नेऊन सोडायचा, ही वाट खोदाईच्या आधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन पाहायची. जुन्या लोकांना याची समज होती. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत बघा. बंधारा, पाट, चाऱ्या यांच्या जोडीला तिथे सांडम असते. गरजेपेक्षा जास्त आलेले पाणी त्यातून परत नदीला जाते. पाणी वाटण्याच्या व्यवस्थेत पाणी परत करण्याची जागा आधीपासून धरलेली होती.

आपल्याकडेही याची सवय अगदीच नाही असे नाही. भीमेवर आणि माणेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बर्गे काढायचे, पूर जाऊ द्यायचा, आणि पाऊस सरताना बर्गे घालून शेवटचे पाणी अडवायचे. सगळे कौशल्य बर्गे केव्हा घालायचे यात. लवकर घातले आणि परतीचा पूर आला तर दाबाखाली ते निघत नाहीत, नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठाची जमीन कापत जाते. उशीर केला तर पाणी निघून गेलेले असते. माणेवर वर राजेवाडीचा जुना ब्रिटिशकालीन तलाव आहे, म्हसवडचा तलाव म्हणूनही तो ओळखला जातो. त्याचा सांडवा वाहू लागला की खाली सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंतच्या नदीकाठच्या गावांत ती बातमी आनंदाने सांगितली जाते. वरच्याचे सांडलेले पाणी हे खालच्याचे येणारे पाणी असते, हे नदीच्या बाबतीत आपल्याला पटते. दोन बांधांच्या मध्येही ते तितकेच खरे आहे. आपल्या सांडव्याखाली शेजाऱ्याची विहीर असेल तर तिच्या वरच्या बाजूला एक चर काढून ते पाणी मुरवता येते. भांडणाऐवजी त्याचा अर्धा खर्च शेजारी देतो, असेही घडते.

अपधावेचे तळे नव्याने काढणाऱ्यांनी जागेचा विचार याच अंगाने करावा. ओढ्याच्या पात्रात तळे घालू नये, ओढ्याच्या बाजूला घालावे. आत येणाऱ्या चरावर आधी गाळ बसायला एक खड्डा, आणि चराचा उंबरा तळ्याच्या पूर्ण पातळीइतकाच. तळे भरले की चरातले पाणी आत शिरतच नाही, ओढ्याने सरळ पुढे जाते. गढूळ लोंढा आत न आल्याने गाळही कमी साचतो. सांडवा लागतोच, पण त्याच्यावरचा भार फार हलका होतो. भरावावर सांडवा कधीही ठेवू नये. न खोदलेल्या मूळ जमिनीवर, मुरूम किंवा खडक लागेल तिथे ठेवावा.

पुस्तिका क्रमाने वाचली पाहिजे असे नाही. ज्याचे तळे अजून व्हायचे आहे त्याने जागा आणि मापांची प्रकरणे आधी घ्यावीत. ज्याचे झालेले आहे त्याने सांडवा, खाच आणि कागद यांवरची. ज्याचा भराव एकदा खचला आहे त्याने दुरुस्तीचे प्रकरण उघडावे, आणि खचलेल्या जागी नुसती माती ओतण्याआधी ती जागा पायऱ्या-पायऱ्यांनी खणून, थराथराने ओली करून कुटण्याची रीत नीट बघावी. शेवटी महिन्यांचे वेळापत्रक दिले आहे. त्यातले मेचे काम सर्वांनी करण्यासारखे आहे: तळे तळाला गेलेले असताना नळीने माथ्याची पातळी घेणे, भेगा आणि बिळे बुजवणे, सांडव्यातले गवत, पोती, फरश्या काढून टाकणे. ऑगस्टअखेरचे काम त्याहून अवघड, कारण ते मनाविरुद्ध आहे: तळे भरले असेल तरी सप्टेंबरचा पाऊस यायचा आहे हे धरून सांडव्याचे तोंड उघडे ठेवणे. साठवण तळेवाल्यांनी तेव्हा ऑटो बंद करावा आणि शेवटची वीतभर पातळी आभाळावर सोडावी. परतीचा पाऊस आला तर ती फुकट भरते; नाही आला तर ऑक्टोबरमध्ये विहिरीला पाणी असतेच, तेव्हा मोटर लावून भरता येते.

तळे किती लाख लिटरचे, हे आपण एकमेकांना अभिमानाने सांगतो. यापुढे कोणी तळे दाखवायला नेले तर त्याला आधी सांडवा दाखवायला सांगावे, आणि त्याचे पाणी कुठे जाते ते चालत जाऊन बघावे.

मंगळवेढा